किंदळीच्या खोडापर्यंत

नारबा देसाई सकाळी कुणाला राम राम करत नसे. जेट्टीवर यायचा, तिथल्या उपड्या होडीवर बूड टेकायचा, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी धरायचा आणि मला विचारायचा, "मागं जातंय काय ग?"

"न्हाई."

"मग बीएस्शी कशाची केलीस? मागं सरायला तर बैलबी शिकतोय."

एवढं झालं की त्याची सकाळ सुरू झाली. मग काखेतल्या पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढायची, थंडीनं गोठलेली असली तर उन्हात ठेवायची आणि पातळ झाली की लुळ्या पडलेल्या उजव्या हाताला ते तेल चोळत दिवसभर मला बघत बसायचं. त्या नजरेखाली मी एक अख्खा हिवाळा काम केलं. तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणत होते, कारण माझ्या आईनं मला तसं वळण लावलं आहे. इथे लिहिताना मात्र 'तो' म्हणणार आहे. तेवढा हक्क मी कमावलेला आहे.

आमची जेट्टी सुप्याच्या धरणाच्या फुगवट्यावर आहे. बेळगाव, हुबळीचे पाहुणे येतात, वल्ह्याच्या अरुंद कयाक चालवतात, मोटरबोटीत बसतात, फोटो काढतात. मालक बेळगावला असतात आणि शनिवारी येतात. मी तिकीट खिडकीवर लागले होते. पण गोव्याचा मेकॅनिक येतो येतो म्हणायचा आणि यायचा नाही, तेव्हा इंजिनं मी उघडायला लागले. लहानपणापासून शेतातला पंप मीच चालू करायची, त्यामुळे ग्रीसची घाण वाटत नाही. भौतिकशास्त्र घेऊन मी पदवी घेतली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. हे मी मोठेपणासाठी सांगते असं कुणाला वाटलं तर वाटू दे. मोठीच गोष्ट आहे ती.

नारबाला तिथून कुणी उठवू शकत नव्हतं, कारण रस्त्यापासून पाण्यापर्यंतची जमिनीची पट्टी त्याची होती. धरणात त्याचं गाव गेलं, वाडा गेला, शेतं गेली. डोंगराच्या अंगाला हा एक तुकडा तेवढा वर राहिला. गावचे लोक रामनगरला जाऊन वसले, तोही तिथेच राहायचा. पण रोज पहिली बस धरून इथे यायचा आणि शेवटच्या बसनं परत जायचा. बसून असायचा ती होडीही त्याचीच, बूड कुजलेली.

माझे बाबा लहानपणी त्याच्या घरी गडी होते. त्यांच्याआधी माझे आजोबा. बाबा अजून त्याला 'धनी' म्हणतात. मी बीएस्सी झाले तेव्हा बाबा पेढ्यांचा पुडा घेऊन पहिल्यांदा कुठे गेले असतील तर रामनगरला, ह्याच्या दारात. मी सोबत होते. नारबा व्हरांड्यात बसला होता. बाबांनी पुडा पुढे केला, तो म्हणाला, "ठेव तिथं." तिथं म्हणजे पायरीखाली, जमिनीवर. आम्ही अंगणातून बाहेर पडत होतो तेव्हा मी वळून पाहिलं. काठीनं पुडा ढकलून तो तांबड्या कुत्र्याला दाखवत होता. बाबांनी पाहिलं नाही. मी त्यांना कधी सांगितलंही नाही.

तर हा माणूस रोज मला विचारायचा, मागं जातंय काय.

विचारायचा ते पाण्यातल्या स्कूटरबद्दल. मालकांनी ती गोव्याहून जुनी आणली होती. दिसायला मोटारसायकलसारखी, खाली चाकांच्या जागी नावेसारखं बूड. तिला बोटीसारखा उघडा पंखा नसतो. पोटाखालून पाणी ओढते आणि मागच्या तोंडातून जोरात फेकते, त्या जोरानं पुढे जाते. मागे जायचं तर त्या तोंडावर एक वाकडी बादली खाली पडते आणि बाहेर येणारं पाणी उलटं पुढच्या दिशेला वळवते. ही बादली सीटच्या बाजूच्या दांडीला केबलनं जोडलेली असते. आमच्या स्कूटरची केबल खाऱ्या पाण्यानं गंजून जाम झाली होती, बादलीच्या खिळ्यांची भोकं झिजून लांबट झाली होती, आणि आधीच्या मालकानं सगळ्यावर उपाय म्हणून बादली बारीक तारेनं वर बांधून टाकली होती. म्हणजे स्कूटर फक्त पुढे जायची. आमच्या पाण्यात बुडालेल्या रानाची खोडं अजून उभी आहेत. दोन खोडांच्या मध्ये शिरलं आणि वळायला जागा नसली, की उतरून ढकलायचं.

नारबाला तिच्या मागे जाण्याचं एवढं काय पडलंय, हे मला बरेच दिवस कळलं नाही. मला वाटायचं, टोचायला जागा सापडली आहे. शेवटी बाबांनी सांगितलं.

"धनी दर साल शिमग्याच्या आधी देवाकडं जात्यात, बाय. रवळनाथाकडं."

"रवळनाथ तर रामनगरला आहे."

"ती मूर्त नवी. जुना पाषाण खालीच ऱ्हायला. धनी होडीनं देवळाच्या वरतं जाऊन फुलं सोडायचे. आता होडी कुजली, हात गेला. त्यात लेक त्यास्नी पुण्याला न्यायलाय. शिमगा झाला की घराला कुलूप."

"मग मोटरबोटीनं जावं."

"खोडांत पंखा अडकतोय. कयाकमधी बसून बघितलं त्यांनी, कंबर वाकंना."

"मग स्कूटरनं जाऊ दे. मागं कशाला जायला पाहिजे?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शाळेत गेलेच नव्हते. "देवाला पाठ दाखवायची न्हाई, बाय. देवळातनं भाईर येताना मागं मागं यायचं. होडीतबी धनी तसंच यायचे, बांबू टोचत."

तेव्हा कळलं. त्या माणसाला देवाचा शेवटचा निरोप घ्यायचा होता, पाठ न दाखवता. आणि ते एकाच यंत्रानं होणार होतं, जे यंत्र माझ्या हाताखाली होतं आणि मागे जात नव्हतं.

"धन्यास्नी घिऊन जाशील न्हवं?"

"त्यांनी सांगू दे मला."

दुसऱ्या दिवशी मी सरळ होडीसमोर जाऊन उभी राहिले. "तुम्हाला देवाकडे जायचं आहे म्हणे. मला तोंडानं सांगा, मी नेते."

नारबा तेल चोळत होता. वर न बघता म्हणाला, "रोज सांगतोय की."

"कधी सांगितलं?"

"रोज सकाळी काय इचारतोय मग? तुझी तब्येत?"

ही त्याची विनंती. यापेक्षा जास्त वाकणं त्या कमरेला जमत नव्हतं.

मी काम करायचंच ठरवलं. त्याच्यासाठी नव्हे. बाबांनी सांगितलं होतं, आणि शिवाय ते यंत्र माझं ऐकत नाही हे मला सहन होत नव्हतं. तार कापली, बादली काढली. रामनगरच्या लेथवाल्याकडून पितळी बुश करून घेतले, लांबट भोकं नीट करून त्यात बसवले. केबलच्या जागी आधी मोटारसायकलच्या ब्रेकची घालून पाहिली. ती नुसती ओढते. बादली खाली यायची, पण वर ढकलायला तिच्यात जीव नव्हता. ढकलते आणि ओढते अशी केबल हवी होती. बेळगावच्या भंगार बाजारात टेम्पोच्या गिअरची एक मिळाली, टोकं बदलून ती बसवली. हे सगळं नारबाच्या डोळ्यांदेखत.

"टेंपूचं सामान पाण्यात घालालीस."

"व्हय."

"उद्या बसचं घालशील."

"लागलं तर घालीन."

"तुझ्या बाला नांगराचा फाळ कधी सरळ बसवता आला न्हाई. तू कुठनं बसवणार?"

"फाळ तुमचा होता," मी म्हटलं. "वाकडाच असणार."

तो हसला नाही. मीही नाही. असं आमचं बोलणं असायचं.

जोडणी झाली त्या दिवशी दुपारी दांडी लोण्यासारखी फिरली. बादली खाली, बादली वर. मी मालकांना फोन करून सांगितलं, झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर पाण्यात घातली, दांडी ओढली, हलेना. दोन्ही हातांनी ओढली, हलेना.

"मागं जातंय काय ग?"

मी सगळं उघडलं, काही सापडलं नाही. ऊन वर आलं तशी दांडी आपोआप मोकळी झाली. पुढच्या सकाळी परत दगड. असे कितीतरी दिवस. सकाळी जाम, दुपारी मोकळी. मी बुश घासून पाहिले, केबलचं वळण बदललं, बोल्ट सैल केले. रात्री झोप लागेना. नारबा रोज विचारायचा, आणि शिमगा जवळ येत होता. आता त्याच्या विचारण्यात टोचणी कमी आणि घाई जास्त होती. पण मला ती घाईसुद्धा टोचायची.

एका सकाळी मी केबलचं टोक मोकळं करून नाकाशी नेलं. खोबरेल.

आतल्या तारेवर पांढरा गोठलेला थर होता. आमच्याकडच्या थंडीत खोबरेल दगडासारखं होतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मी वळून होडीकडे बघितलं. बाटली उन्हात ठेवलेली होती.

"केबलमध्ये तेल तुम्ही घातलं?"

"घातलं."

"कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कोण पायजे? जेवायला गेलीस, मी घातलं. गंजू नये म्हणून."

"ही केबल कोरडीच चालते. आत प्लास्टिकची नळी आहे. तेल गोठलं की जाम होते. इतके दिवस मी जीव काढतेय, तुम्ही बसून बघताय आणि एक शब्द बोलत नाही."

"मला काय म्हाईत तेलानं हुतंय ते."

"मग हात कशाला लावला?"

तेव्हा नारबा काठीवर जोर देऊन उभा राहिला. माझ्याशी बोलायला तो उभा राहिला अशी ती एकच वेळ. "रवळनाथाच्या दिव्याला तेल देसायाच्या घरचंच लागतंय. माझ्या पणज्यापासनं. देवाचं काम हाय, म्हटलं तेल आपलंच असू दे. तुझं कसं चालंल?"

तिथे मला खरा राग आला. आतापर्यंतचा राग पेढ्याच्या पुड्याचा होता. हा ताजा होता.

"दिवा न्हवं हा," मी म्हटलं. "केबल हाय. आणि ह्या केबलला माझाच हात लागतोय, दुसऱ्या कुणाचा चालत न्हाई. पुन्हा जवळ आलात तर बादली तारेनं बांधून टाकीन आणि तुम्ही जावा पुण्याला पाठ दाखवून."

तो हळूच खाली बसला. बाटलीचं झाकण लावून ती पिशवीत टाकली. त्या दिवशी त्यानं हाताला तेल लावलं नाही.

मी केबल काढून रॉकेलनं धुतली, पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारून कोरडी केली, परत बसवली. बादली खाली आली की टेकते ना, वर गेली की पाण्याच्या वाटेत येत नाही ना, हे पुन्हा पुन्हा पाहिलं. पुढच्या सकाळी दव पडलेलं असताना दांडी ओढली. खट्ट करून बादली बसली. थोडा थ्रॉटल दिला, आणि स्कूटर पुढे बघत बघत मागे सरकली.

"मागं जातंय काय ग?"

"जातंय."

दुसऱ्या दिवशी नारबा धुतलेलं धोतर नेसून आला. पिशवीत फुलं आणि नारळ होता.

लाइफ जॅकेट घालायला त्यानं खळखळ केली नाही, पण माझ्या मागे बसल्यावर धरायचं काय हा प्रश्न आला. पाहुणे चालवणाऱ्याच्या कमरेला धरतात. नारबानं डावा हात उचलला, माझ्या पाठीशी नेला आणि तसाच ठेवला.

"धरा. नाहीतर पडाल."

"तू सुम्म, गप फुडं बघ," तो म्हणाला आणि माझ्या जॅकेटचा मागचा पट्टा दोन बोटांनी पकडला. स्कूटर उसळली तेव्हा मात्र मूठ आवळली गेली.

तो वाट सांगत होता. डावीकडे घे, तो बांध होता. हितनं गाडीवाट होती. पाणी सगळीकडे सारखंच, पण तो गावातून चालल्यासारखा बोलत होता. मग एक जाड काळं खोड दिसलं, पाण्याच्या वर पुरुषभर.

"थांब."

मी थ्रॉटल सोडला. "देऊळ इथे आहे?"

"देऊळ फुडं. ही किंदळ. तुझा बा हितवर यायचा. तुझा आज्जाबी. घंटा हितनं ऐकायची आणि जायचं."

हे त्यानं बांध दाखवावा तसंच सांगितलं. आवाजात लाज नव्हती, आणि अभिमानही नव्हता. स्कूटर जागीच डुलत होती. मग मला कळलं की तो वाट बघतो आहे. माझ्या काहीतरी करण्याची.

"मी इथं उतरू काय?" मी विचारलं.

खाली किती पाणी असेल देव जाणे.

"तू उतरलीस तर चालवणार कोण," नारबा म्हणाला.

मी थ्रॉटल दिला आणि खोडाच्या पुढे नेली. आमच्या घरातलं कुणी तिथे पहिल्यांदा गेलं, ते असं, त्याला पाठीवर घेऊन.

त्यानं सांगितलं तिथे इंजिन बंद केलं. त्यानं फुलं सोडली. नारळ डाव्या हातानं मागच्या लोखंडी कडीवर आपटला, तो निसटला. पुन्हा आपटला, परत निसटला. तिसऱ्यांदा आपटला नाही. नारळ माझ्या खांद्यावरून पुढे आला. मी खिशातला पाना काढला आणि एका घावात फोडला. त्यानं एक भकल पाण्यात सोडली, एक ठेवून घेतली. मग तो पुटपुटत काहीतरी बोलला, ते देवाशी होतं, मी ऐकलं नाही.

"आता मागं घे. तोंड तिकडंच ऱ्हाऊ दे."

दांडी ओढली. खट्ट. स्कूटर सावकाश मागे निघाली. मागे जाताना हँडल उलटं वागतं, म्हणून मी मान वळवून खोडाकडे बघत होते. नारबा मात्र समोर बघत होता, ताठ. फुलं लांब लांब गेली. खोड बाजूला आलं, मग पुढे गेलं.

"बास," तो म्हणाला. "आता वळीव."

म्हणजे पाठ न दाखवण्याचा नियम तेवढ्याच अंतराला होता. किंदळीच्या अलीकडे कुणीही कशीही पाठ फिरवावी. बाबांना तो नियम कधी पाळावाच लागला नव्हता.

जेट्टीला लागल्यावर त्यानं नारळाची भकल माझ्यापुढे धरली. "घे. प्रसाद."

मी दोरी बांधत होते. "ठेवा तिथं," मी म्हटलं.

तो तसाच उभा राहिला. त्याला पायरी आठवली का, पुडा आठवला का, मला माहीत नाही. असावा. माणूस दुष्ट होता, विसराळू नव्हता.

"बापावर न्हाई गेलीस," तो म्हणाला.

"न्हाई."

भकल उपड्या होडीवर ठेवून तो बसच्या रस्त्याला लागला. संध्याकाळी मला न्यायला आलेल्या बाबांनी ती कपाळाला लावली आणि उभ्या उभ्या सगळी खाल्ली. मला विचारलंसुद्धा नाही. फक्त म्हणाले, "पाठ दाखवली न्हाई न्हवं धन्यांनी?"

"नाही दाखवली."

शिमगा झाल्यावर लेक त्याला घेऊन गेला. पावसाळ्यात पुण्याहून निरोप आला, नारबा देसाई गेला. बाबा चुलीपुढे बसून रडले, त्या दिवशी जेवले नाहीत. मी जेवले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असं लोक सांगतात. मी बसून आठवून पाहिलं. देवाशी तो खरा होता, एवढं लिहिते. माणसांशी नव्हता.

या वर्षी शिमग्याच्या आधी मी बाबांना म्हटलं, चला, तुम्हाला दाखवते. ते नको नको म्हणत जॅकेट चढवून बसले. माझी कंबर दोन्ही हातांनी गच्च धरली. वाटेत त्यांनाही सगळं ओळखू येत होतं, बांध, गाडीवाट. काळं खोड दिसलं आणि मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "बास बाय. हितं थांब."

"देऊळ पुढे आहे."

"म्हाईत हाय. हितनं ऐकू येतंय."

पाण्यात घंटा कुठली? आणि पाण्यात हद्द कुठली? देसायाला जाऊन सात-आठ महिने झाले तरी पुरुषभर खोड तसंच उभं, आणि माझा बाप त्याच्या अलीकडे हात जोडून. माझ्या अंगाची लाही झाली. मी थ्रॉटल दिला.

"अगं, अगं बाय," बाबा माझ्या पाठीला चिकटले. जागेवर येऊन इंजिन बंद केलं तेव्हाही त्यांचे डोळे मिटलेलेच होते. मग उघडले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, खाली वाकून पाण्यात बघितलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. मी घाई केली नाही.

मग त्यांनी टोपी घातली आणि माझ्या कानाशी येऊन, कुणी ऐकेल अशा भीतीनं हळूच विचारलं, "मागं जातंय काय ग?"

"जातंय," मी म्हटलं आणि दांडी ओढली.